मागें बसणारा माणूस

मोटारीविषयीं चार शब्द बोलण्यासाठीं एका निवृत्त शाळामास्तरास पाचारण व्हावें, याचें आपणांस नवल वाटेल. मलाही वाटलें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें अध्यापनाची पदविका घेतली आणि सदतीस वर्षें प्राथमिक शाळेंतील मुलांना शिकविलें. यंत्रशास्त्राशीं माझा संबंध सायकलीच्या पंक्चरापलीकडे कधीं गेला नव्हता. तथापि निवृत्त झाल्यावर मीं एक जुनी, लहानशी मोटार विकत घेतली, आणि तिच्या पोटाखालील एक वस्तु एके दिवशीं काढून टाकविली. ती काढल्यानें माझे कांहीं हजार रुपये वांचले. आणि ती काढल्यामुळेंच मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यासमोर मान खालीं घालावी लागली. ती हकीकत आणि त्या वस्तूची माहिती, अशा दोन्ही गोष्टी आज आपणांस सांगावयाच्या आहेत.

प्रथम हकीकत सांगतों. गाडी २००८ सालची, चार सिलिंडरांची, सुमारें अकराशें घनसेंटिमीटरांच्या इंजिनाची. पुण्यांतील एका गृहस्थांनीं दहा वर्षें वापरून मला विकलेली. आम्ही उभयतां साताऱ्यास असतों, मुलगी पुण्यास. २०१८ सालच्या दिवाळीनंतर पुण्याहून परततांना खंबाटकीच्या घाटांत गाडीनें दम टाकला. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी ती जोर धरीना. तिसऱ्या गिअरांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून पहिल्यांत, अशी रडतखडत ती कशीबशी माथ्यावर आली. मागून येणारे मालमोटारवाले भोंगे वाजवून आमचा उद्धार करीत होते. मंडळींनीं वाटेंत एकदांच विचारिलें, "अहो, आपण पायीं निघालों असतों तर लवकर पोचलों नसतों का?" मीं उत्तर दिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गाडी गॅरेजमध्यें नेली. मिस्त्री तरुण आणि चलाख होता. गाडी वर उचलून त्यानें सायलेन्सरच्या नळीवर, पुढच्या बाजूस जो एक फुगीर डबा असतो त्यावर, हातोडीनें दोन टोले मारिले. आंत खडे खुळखुळावे तसा आवाज आला.

"गुरुजी, कॅटकॉन गेला," तो म्हणाला. "आंतली जाळी फुटून जाम झालीय. धूर बाहेर पडायला वाटच नाहीं, मग इंजिन ओढणार कसं?"

"मग आतां?"

"नवा घातला तर वीस-बावीस हजार. नाहींतर काढून टाकूं. मधे सरळ पाइप वेल्डिंग करून देतों, दीड हजारांत काम होईल. पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल. सगळेच काढतात, गुरुजी."

निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसाला बावीस हजार आणि दीड हजार यांतील वजाबाकी फार लवकर जमते. ती वस्तु कशासाठीं आहे, हें मीं विचारिलें नाहीं. सदतीस वर्षें मुलांना "न समजल्यास विचारा" असें सांगत आलेल्या माणसानें विचारिलें नाहीं, याची नोंद आपण करून ठेवा. संध्याकाळीं गाडी मिळाली. ती खरोखरच चालूं लागली होती. काढलेला डबा "भंगारांत जाईल" म्हणून मिस्त्रीनें ठेवून घेतला, आणि मींही आनंदानें ठेवूं दिला.

पुढील कांहीं महिने बरे गेले. पेट्रोलचा हिशेब मी वहींत लिहितों. त्या वहीप्रमाणें ॲव्हरेज वाढलें नव्हतें, उलट बिघाडापूर्वी होतें त्याहून किंचित् कमीच भरत होतें. सकाळीं तुळशीला पाणी घालतांना मंडळी म्हणत, "हल्लीं गाडीला कसला उग्र वास येतो!" मी म्हणें, "जुनी आहे." जुनेपणाच्या सबबीखालीं गाडीचे आणि माणसाचे किती दोष झांकतां येतात, तें आपणांस ठाऊकच आहे.

सात महिन्यांनीं पी. यू. सी.ची मुदत संपली, म्हणून पेट्रोलपंपाच्या कडेच्या तपासणीकेंद्रावर गेलों. तेथील तरुण खुर्चीवरून उठला आणि भर रस्त्यांत माझ्या पायां पडला. चौथीच्या वर्गांतला माझा विद्यार्थी. त्याचें नांव सांगत नाहीं. त्यानें आस्थेनें चौकशी केली, चहा मागविला आणि तपासयंत्राची नळी गाडीच्या धुराड्यांत घातली. पडद्यावर आंकडे उमटले. माझ्या गाडीच्या पिढीस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा अर्ध्या टक्क्याची; यंत्र दीड टक्का दाखवीत होतें. न जळलेल्या इंधनाचा आंकडाही हद्दीबाहेर होता. तो पडद्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मग कांहीं न बोलतां त्यानें ती नळी धुराड्यांतून जवळजवळ सगळी बाहेर ओढली आणि टोंकाशीं धरिली. आंकडे भराभर उतरूं लागले.

"बसतंय आतां, गुरुजी," तो हंसून म्हणाला. "नळी जरा बाहेर धरली कीं बाहेरची हवा मिसळते. दुसऱ्या कुणाला केलं नसतं, पण तुमची गोष्ट वेगळी."

श्रोतेहो, याच मुलाला मीं एकदां परीक्षेंत शेजाऱ्याच्या कागदांत डोकावतांना पकडिलें होतें. शिक्षा केली नव्हती. वर्गाबाहेर नेऊन एवढेंच म्हटलें होतें कीं, बाळ, पाहून लिहिलेलें उत्तर बरोबर असलें तरी तें तुझें नव्हे. त्याला तें आठवत होतें कीं नाहीं, हें मीं विचारिलें नाहीं. मला आठवत होतें, तेवढें पुरे होतें. आज तोच मुलगा माझ्याकरितां कॉपी करीत होता, आणि तीही गुरुदक्षिणा म्हणून.

आणखी एक गोष्ट त्या क्षणीं दिसली. त्याची खुर्ची रस्त्याकडे नव्हती. येणाऱ्या गाड्यांच्या धुराड्यांकडे होती. दिवसभर गाड्या येत, त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहत, आणि इंजिन चालू ठेवीत. बाहेर धरलेल्या त्या नळींतून जो धूर यंत्रांत गेला नाहीं, तो कोठें जात होता, हें सांगावयास शास्त्रज्ञ नको होता. तो त्याच्या तोंडावर जात होता.

मीं म्हटलें, "राहूं दे. नळी नीट आंत घाल. येईल तो आंकडा येऊं दे."

"मग सर्टिफिकेट निघणार नाहीं, गुरुजी."

"नको निघूं दे."

घरीं आलों तो एक निश्चय करूनच. मीं काय काढून टाकलें आहे, तें आधीं समजून घ्यावयाचें. ठिकठिकाणचें वाचून आणि जाणत्यांस विचारून जें कळलें, तें आतां वर्गांत सांगावें तसें सांगतों.

पेट्रोल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांचीं संयुगें. एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. ज्वलन निर्दोष झालें तर मागें उरतील कर्बद्विप्राणिल वायु आणि पाण्याची वाफ. परंतु इंजिनांत दर मिनिटास हजारों वेळां, डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत हें ज्वलन उरकावें लागतें, आणि घाईचें काम कधींच निर्दोष होत नाहीं. म्हणून तीन विषें बाहेर पडतात. पहिलें, अर्धवट जळलेल्या कार्बनाचा मोनॉक्साइड वायु. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. परंतु आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूस जितकें धरतें, त्याच्या दोनशेंपटींहून अधिक घट्टपणें याला धरतें. बंद जागेंत चालू ठेवलेल्या मोटारीजवळ माणूस झोंपेंतच दगावतो, तो यामुळें. दुसरें, न जळलेलें इंधन. तुळशीपाशीं येणारा उग्र वास त्याचाच होता. तिसरें, ज्वलनाच्या प्रचंड उष्णतेंत हवेंतील नायट्रोजन आणि प्राणवायु यांच्या संयोगानें होणारीं नायट्रोजनाचीं ऑक्साइडें. दुसरें आणि तिसरें हीं उन्हांत एकत्र आलीं कीं ओझोन व झोंबणारें धुरकें तयार होतें. लॉस एंजेलीस शहरावर दाटणाऱ्या धुरक्याचें कारण हेंच, असें हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें १९५० च्या सुमारास दाखवून दिलें.

या तीन विषांचा बंदोबस्त त्या फुगीर डब्यांत होतो. इंग्रजींत त्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. गॅरेजवाले त्याचाच कॅटकॉन करतात. आपण त्यास उत्प्रेरक जाळी म्हणूं. उत्प्रेरक म्हणजे काय, हें आपल्या समाजांत समजावणें सोपें आहे. दोन घरांचीं स्थळें जमविणारा मध्यस्थ आपण सर्वांनीं पाहिला आहे. तो दोन्ही पक्षांना एकत्र आणतो, बोलणीं घडवितो, लग्न लागतें; परंतु स्वतः तो बोहल्यावर चढत नाहीं. लग्न लावून तो होता तसाच मोकळा, दुसरें स्थळ जमवावयास सिद्ध. रसायनांतही असे मध्यस्थ पदार्थ आहेत. डोबराइनर नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८२३ सालीं दाखविलें कीं, हायड्रोजन वायूचा झोत प्लॅटिनमच्या भुकटीवर सोडिला कीं काडी न ओढतां तो पेट घेतो, आणि प्लॅटिनम होतें तेवढेंच राहतें. अशा क्रियेला 'कॅटॅलिसिस' हें नांव स्वीडनच्या बर्झेलियसनें १८३५ सालीं दिलें.

डब्याच्या आंत चिनी मातीसारख्या पदार्थाची, मधाच्या पोळ्याप्रमाणें आरपार छिद्रांची वीट असते. एका चौरस इंचांत अशीं सुमारें चारशें छिद्रें. प्रत्येक छिद्राच्या भिंतीला खरबरीत लेप, आणि त्या लेपांत प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या तीन मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण. तप्त धूर त्या छिद्रांतून जातांना मोनॉक्साइडला आणखी प्राणवायु मिळतो, न जळलेलें इंधन येथें जळून जातें, आणि ऱ्होडियम नायट्रोजनाच्या ऑक्साइडांतील प्राणवायु सोडवून निरुपद्रवी नायट्रोजन मोकळा करितें. धूर किती जळका वा किती कच्चा आहे, तें नळींत बसविलेला एक संवेदक क्षणोक्षणीं पाहतो, आणि त्याप्रमाणें इंजिन पेट्रोलचें माप कमी-अधिक करितें. जाळी तापून अडीचशें ते तीनशें अंशांवर गेली कीं काम सुरू करिते. म्हणून गाडी सुरू केल्यावरचीं पहिलीं एक-दोन मिनिटें सर्वांत घाणेरडीं असतात. एकदां तापली कीं चांगली जाळी शंभरांतील नव्वदांहून अधिक भाग विष नष्ट करिते. ती कर्बद्विप्राणिल मात्र कमी करीत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पृथ्वीच्या तापमानवाढीवर तिच्याकडे औषध नाहीं. तिचें काम रस्त्यावरच्या माणसाच्या छातीपुरतें आहे.

येथें गणित करून पाहूं. शंभर भागांपैकीं नव्वद गेले, उरले दहा. जाळी काढली कीं पुनः शंभर. म्हणजे एका गाडीच्या जागीं दहा गाड्या. "माझ्या एका लहान गाडीनें असा काय फरक पडणार?" या प्रश्नाचें उत्तर एवढेंच आहे कीं, जाळी काढलेली गाडी ही एक गाडी नव्हेच. आणि "पुढचा ट्रक काळा धूर ओकीत चालला आहे, त्याला कोणी बोलत नाहीं," या म्हणण्याविषयीं मी मास्तर म्हणून काय बोलूं? सदतीस वर्षांत कॉपी करतांना सांपडलेल्या प्रत्येक मुलानें मला हेंच सांगितलें होतें.

या जाळीचा इतिहास मला तिच्या रचनेहूनही बोधप्रद वाटला. अमेरिकेंत स्थायिक झालेला फ्रेंच अभियंता यूजीन हूड्री यानें मोटारींसाठीं अशी जाळी तयार केली, आणि १९५६ सालीं तिचें पेटंट त्याला मिळालें. परंतु ती वापरतां येईना. कारण त्या काळच्या पेट्रोलमध्यें शिसें होतें. १९२१ सालीं थॉमस मिजली यानें शोधून काढलें कीं, शिशाचें एक संयुग पेट्रोलांत मिसळल्यास इंजिन ठोकत नाहीं. पुढें जगभर तें मिसळलें जात होतें. शिसें जाळीवरच्या धातुकणांवर बसून त्यांना निकामी करी. म्हणजे प्रश्न असा पडला कीं, जाळी राहावी कीं शिसें राहावें. अमेरिकेनें १९७० सालच्या कायद्यानें मोटारींचा विषारी धूर नऊ-दशांशांनीं कमी करण्यास सांगितलें, आणि १९७५ सालच्या नमुन्यांपासून तेथील बहुतेक गाड्यांत जाळी आली. तिच्यासाठीं शिसेंविरहित पेट्रोल विकावें लागलें. तिन्ही विषांवर एकदम चालणारी जाळी व्होल्व्हो कंपनीनें १९७७ सालच्या नमुन्याच्या गाड्यांत कॅलिफोर्नियामध्यें आणिली.

आपल्या देशांत १९८५ सालीं दाखल झालेल्या लोकहिताच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या हवेकडे लक्ष घातलें. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना जाळी सक्तीची झाली, आणि तिच्याकरितां शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागलें. २००० सालीं देशभरांतील पेट्रोलांतून शिसें गेलें. जगांतील शेवटच्या पंपावरील शिसें २०२१ सालीं संपलें. हें वाचतांना माझें मन भरून आलें. शिसें लहान मुलांच्या मेंदूवर आघात करितें, त्यांची बुद्धि मंदावितें. ज्या डब्याला मी भंगार समजलों, त्याच्यासाठीं म्हणून शिसें हटलें. आणि त्याचा लाभ कोणाला झाला? माझ्या वर्गांतील, रस्त्याकडेच्या घरांतून येणाऱ्या मुलांना. मी ज्या बुद्धीला आकार देण्याचा पगार घेत होतों, तिचें रक्षण असा एक डबा करीत होता, आणि मला त्याचें नांवही ठाऊक नव्हतें.

भंगाराविषयीं एक वाक्य. या तीन धातूंचा मोठा भाग दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येतो. २०२१ सालीं ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दसपटीहून अधिक चढला होता, आणि पाश्चात्त्य देशांत उभ्या गाड्यांखालून या जाळ्या कापून नेणाऱ्या चोरांचा सुळसुळाट झाला होता. तेथें जी वस्तु चोर रात्रीं येऊन नेत होते, ती मीं दिवसाढवळ्या, वर दीड हजार रुपये मोजून देऊन टाकली होती.

आतां उरलेली हकीकत. मी दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रीकडे गेलों आणि सर्व खरें सांगितलें. त्यानें सरळ पाइपाकडे पाहिलेंही नाहीं. आधीं प्लग काढिले. चारांपैकीं एक काळाभोर, पेट्रोलानें ओला. त्या प्लगची वायर चिरलेली. तो म्हणाला, "गुरुजी, जाळी आपणहून मरत नाहीं, तिला कुणीतरी मारतं. ह्या सिलिंडरची ठिणगी चुकत होती. कच्चं पेट्रोल मागं जाऊन जाळींत पेटत होतं. लाल होऊन वितळली ती. तुम्ही मेलेल्याला उचललं, पण मारणारा गाडींतच ठेवला."

माझ्या वहींतील ॲव्हरेज कां घटलें होतें, तें तेव्हां उमगलें. ठणठणीत जाळी धुराला जो अडथळा करिते तो इतका अल्प असतो कीं, लहान इंजिनाच्या नित्याच्या वापरांत तो जाणवतही नाहीं. अडते ती फुटलेली अथवा वितळलेली जाळी. ती काढल्यावर गाडी पळूं लागते, आणि श्रेय मिळतें तें काढण्याला. दुखणें मात्र तसेंच राहतें. मीं चारही प्लग, वायरी आणि नवी जाळी घातली. एकवीस हजार चारशें रुपये झाले. पूर्वीच्या दीड हजारांची भर घातली तर स्वस्तांतला उपाय मला तेवढ्यानें महाग पडला. ॲव्हरेज मात्र सुधारलें. अर्थात् तें जाळीमुळें नव्हे, वायरीमुळें.

ज्या घरांत गाडी आहे त्यांच्यासाठीं त्या मिस्त्रीनें सांगितलेल्या चार गोष्टी सांगतों. इंजिन अडखळत चालत असेल, एक सिलिंडर काम करीत नसेल, तर "पुढच्या आठवड्यांत पाहूं" म्हणूं नये. नव्या गाड्यांत इंजिनाचा दिवा लुकलुकूं लागला तर तोच इशारा समजावा आणि गाडी फार पळवूं नये. बॅटरी उतरली असतां गाडी फार वेळ ढकलून सुरू करूं नये. कच्चें पेट्रोल जाळींत जातें. इंजिन ऑइल पीत असेल तर त्याची राखही जाळीवर बसते. आणि गाडी लांबून आल्यावर वाळल्या गवतावर उभी करूं नये. जाळी इतकी तप्त असते कीं गवत पेटूं शकतें. कोणी काढून टाकण्याचा सल्ला दिला, तर आधीं जाळी कां गेली तें विचारावें. नव्या गाड्यांत जाळीच्या मागेंही एक संवेदक असतो; ती काढली कीं दिवा पेटतो, आणि मग त्या संवेदकाला फसविण्याच्या युक्त्या सुचविल्या जातात. एक लबाडी झांकण्यास दुसरी, हा क्रम शाळेंतही असाच चालतो.

कायद्याचेंही सांगतों. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें हवाप्रदूषणाचे नियम मोडणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. परंतु भीति दाखवून शिकविलेलें टिकत नाहीं, हा माझ्या नोकरीचा अनुभव आहे. म्हणून दंडाचें सर्वांत शेवटीं बोललों.

माझा मुद्दा साधा आहे. मोटारींतील बाकी सर्व भाग आंत बसणाऱ्यासाठीं आहेत. इंजिन आपल्याला ओढतें, गादी आपल्याला सांभाळते, दिवा आपल्याला वाट दाखवितो. ही जाळी आंत बसणाऱ्यासाठीं जवळजवळ कांहींच करीत नाहीं. ती मागच्या माणसासाठीं आहे: चौकांतला पोलीस, दुचाकीवर आईच्या पुढें उभें राहिलेलें मूल, पदपथावरचा भाजीवाला. म्हणूनच ती काढली तर आपल्याला कळत नाहीं. आणि जें काढल्याचें आपल्याला कळत नाहीं, तें काढण्याचा मोह सर्वांत मोठा.

नवी जाळी बसविल्यावर मी पुनः त्या तपासणीकेंद्रावर गेलों. माझा विद्यार्थी उठला. या वेळीं नळी त्यानें पुरती आंत घातली, मीं पाहिलें. कार्बन मोनॉक्साइडचा आंकडा शून्याच्या जवळ आला. त्यानें कागद छापून माझ्या हातीं दिला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्या वेळीं डोळे झोंबले नाहींत."

मीं पैसे पुढें केले. तो घेईना. मीं म्हटलें, "घे बाळ. या वेळचें उत्तर दोघांचेंही आपापलें आहे." तेव्हां त्यानें घेतले.